चक्रीवादळाचा आरोग्यावरचा परिणाम किनाऱ्यापासून दूर, आपल्या भागात कितपत पोहोचतो?

प्रश्न: वेदगंगाकाठ (निपाणी तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीने पावसाळ्यापूर्वीच्या तयारीचे टिपण मराठीत करण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. त्यात चक्रीवादळांचाही विचार असावा असे मी सुचवताच बैठकीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली. वादळ हे समुद्राकाठच्या लोकांचे दुखणे आहे, आपण घाटमाथ्यावर राहतो, आपल्याला नदीची चिंता पुरेशी आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि कोल्हापूर-बेळगाव वाहतूक बंद पडली, हे कोणी विसरलेले नाही. परंतु मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कारवार-गोव्याच्या किनाऱ्याला लागून वर सरकले, त्याची आठवण आमच्याकडे कोणी काढत नाही.

अमेरिकेतील हरिकेनांवर, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांवर, पुष्कळ लिहिलेले असल्यामुळे मी तिथून सुरुवात केली आणि गोंधळात पडलो. २०१७ च्या मारिया वादळात पोर्तो रिको बेटावर किती माणसे दगावली, याचे मला तीन आकडे मिळाले: ६४, २,९७५ आणि ४,६४५. तिन्ही जबाबदार ठिकाणचे आहेत. मग एवढी तफावत कशी? शिवाय वारा थांबल्यावर माणसे नेमकी कशाने आजारी पडतात, आणि त्यातले आपल्या भागाला लागू काय पडते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: निवृत्त वैद्यकीय अधिकारी, खानापूर

आपल्या ज्येष्ठ सदस्यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. ताशी ११९ किलोमीटरच्या वर गेलेला वारा आणि समुद्राची उसळ यांचा जोर जमिनीवर आल्यावर लवकर ओसरतो. पाण्याचा जोर मात्र ओसरत नाही, उलट डोंगर आडवा आला की ढग तिथेच रिकामे होतात, आणि कणकुंबी-जांबोटीच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. २६ सप्टेंबर २०२४ रोजी रात्री हेलेन हे हरिकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळले. पण ज्या राज्यात सर्वाधिक माणसे गेली त्या नॉर्थ कॅरोलिनात शंभराहून अधिक बळी पडले ते मुख्यतः पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, किनाऱ्यापासून कित्येकशे किलोमीटर आत. तिथले अ‍ॅशव्हिल शहर साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. बेळगाव त्याहून थोडे उंच आहे, पण अरबी समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नाही. अ‍ॅशव्हिलमध्ये मोठाल्या जलवाहिन्या वाहून गेल्या, जलाशयातले पाणी गढूळ झाले आणि नळाला पिण्याजोगे पाणी यायला ५३ दिवस लागले. श्रीमंत देशातील शहराची ही गत आहे.

आपल्याकडे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा यांना पूर आणणारा पाऊस बहुतेक वेळा पूर्ण वाढलेल्या वादळाचा नसतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र मोसमी वाऱ्यांना जोर देते आणि घाटावर पाऊस कोसळतो. आरोग्याच्या दृष्टीने हा भेद फारसा कामाचा नाही. पाणी घरात शिरले की पुढचे दुखण्यांचे वेळापत्रक जवळपास तेच असते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत बुडणे, भिजलेल्या मातीच्या भिंती कोसळणे, विजेचा धक्का आणि सर्पदंश यांनी माणसे जातात. बिळात पाणी शिरल्यावर नाग, मण्यार आणि घोणस उंच जागा शोधतात, आणि ती उंच जागा बहुधा आपलाच माळा किंवा गवताची गंजी असते. पहिल्या आठवड्यात जुलाब, उलट्या आणि चिघळलेल्या जखमा येतात. गंजलेला पत्रा लागलेल्या प्रत्येकाला धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारलेच पाहिजे.

लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे आमच्या दवाखान्यातील कन्नड सहकारी ज्याला इलीज्वर म्हणत, तो पाणी उतरल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांनी डोके वर काढतो. उंदरांच्या मूत्रातून जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि त्वचेवरच्या भेगांतून शरीरात शिरतात. भातलावणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या पायाच्या बोटांची बेचकी उघडून पाहावी: चिखल्यांनी पांढरी पडलेली, सोललेली, मधोमध लाल चीर. जंतूला याहून सोपी वाट कोणती हवी? असा माणूस ताप, अंगदुखी, लाल डोळे आणि विशेषतः पोटऱ्यांतील कळा घेऊन येतो, आणि "चिखलात काम करून अंग दुखते आहे" असे स्वतःच निदान करून घरी पडून राहतो. डोळ्यांत पिवळेपणा येईपर्यंत मूत्रपिंडांना इजा पोहोचलेली असू शकते. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळानंतर हा आजार आढळला होता, २६ जुलै २००५ रोजी मुंबईत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर तिथे त्याची मोठी साथ आली, आणि मारियानंतर पोर्तो रिकोतही त्याचे रुग्ण वाढले. चिखलात उतरावेच लागणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन आठवड्यातून एकदा देता येते, पण ते वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवावे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ते चालत नाही.

डेंग्यू त्यानंतर येतो. आरंभी पुराच्या लोंढ्यात डासांच्या अळ्या वाहून जातात, म्हणून दोन आठवडे डास कमी वाटतात आणि लोक निर्धास्त होतात. मग टायर, फुटके माठ आणि छतावरच्या प्लास्टिकमध्ये स्वच्छ पाणी साचून नवी पैदास सुरू होते.

जाता जाता एक सांगतो. मेलेल्या जनावरांच्या वासाने साथ पसरते या भीतीपोटी पहिल्या दिवसांतील मनुष्यबळ आणि फवारणी त्याच कामी लागते. जनावर पिण्याच्या पाण्यात पडले असेल तर धोका खरा आहे, एरवी साथ येते ती जिवंत माणसांच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून. दुर्गंधी आणि साथ यांची गल्लत टिपणात करू नये.

उत्तर: मूळ शहापूर, सध्या पुणे (आरोग्य आकडेवारीचे काम)

आकड्यांबद्दल लिहितो, कारण तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांनी मोजलेली वस्तू वेगवेगळी आहे.

६४ हा आरंभीचा सरकारी आकडा होता. ज्यांच्या मृत्यूच्या नोंदीत वादळाचा संबंध अधिकृतपणे मान्य झाला तेवढेच त्यात आले. वीज गेल्याने प्राणवायूचे यंत्र बंद पडून महिन्याभराने गेलेली वृद्धा त्या यादीत येत नाही; तिच्या प्रमाणपत्रावर फुप्फुसाचा जुना आजार एवढेच लिहिले जाते. २,९७५ हा जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाचा अंदाज आहे. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात वादळ आले नसते तर किती मृत्यू अपेक्षित होते हे बेट सोडून गेलेल्या लोकांचा हिशेब धरून काढले, आणि प्रत्यक्ष नोंदींतून ते वजा केले. तेथील सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये हाच आकडा स्वीकारला. ४,६४५ हा हार्वर्डच्या संशोधकांनी ३,२९९ घरांत जाऊन केलेल्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष. त्याची मर्यादा ७९३ ते ८,४९८ एवढी रुंद असल्यामुळे मधला आकडा एकटा उचलून मिरवणे योग्य नाही. त्या सर्वेक्षणातील दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: सुमारे एक तृतीयांश मृत्यूंचे कारण घरच्यांनी उपचारात पडलेला खंड किंवा झालेला उशीर असे सांगितले होते.

२०२४ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने हा हिशेब आणखी लांबवला. अमेरिकेतील एका सरासरी वादळात सरकारी नोंदीनुसार २४ जण दगावतात. त्या अभ्यासाच्या अंदाजानुसार त्यानंतरच्या १५ वर्षांत ७,००० ते ११,००० जादा मृत्यू होतात. इतक्या लांबचा संबंध जोडताना गणिती गृहीतके पुष्कळ घ्यावी लागतात, म्हणून मी त्याकडे थोड्या सावधपणे पाहतो. तरी दिशा पटण्यासारखी आहे: बचत संपते, नोकरी जाते, तरणी मुले गाव सोडतात, तपासण्या टळतात.

आपल्या टिपणासाठी एक सूचना करतो. परदेशचे आकडे देण्यापेक्षा तालुक्याच्या मृत्यू नोंदवहीतून ऑगस्ट ते डिसेंबर २०१९ चे मृत्यू काढावेत आणि २०१७ व २०१८ च्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावेत. २०२० तुलनेला घेऊ नये, कोरोनामुळे ते वर्ष निरुपयोगी आहे. एकट्या गावाची संख्या लहान असल्यामुळे योगायोगानेही मोठा फरक दिसेल. निपाणी आणि चिकोडी मिळून पाहिले तर काही बोलता येईल.

उत्तर: औषध दुकान, चिकोडी

वरील चर्चेत "उपचारात खंड" हा जो शब्दप्रयोग आला आहे, तो आमच्या दुकानाच्या फळीवरून अगदी स्पष्ट दिसतो. कल्लोळ-येडूर पूल पाण्याखाली गेला की कृष्णेपलीकडचे नेहमीचे गिऱ्हाईक येईनासे होते. ही मंडळी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या घेत नाहीत, हातात पैसे असतील तशी दहा गोळ्यांची एक पट्टी नेतात. पट्टी संपते, रस्ता बंद असतो, आणि पूर उतरल्यावर चिखल काढताना एखाद्याला अर्धांगवायूचा झटका येतो. त्याला पूरग्रस्त कोण म्हणणार?

म्हणून जूनच्या आरंभीच समितीने नेहमीच्या रुग्णांची यादी करावी आणि निदान महिन्याच्या गोळ्या घरात असतील असे पाहावे. क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या औषधांचा तर एक दिवसही खंड पडता कामा नये, आणि हे रुग्ण काळजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्यात) सगळ्यांसमोर औषध मागायला लाजतात, त्यामुळे त्यांची सोय चारचौघांत न बोलता करावी लागते. डायलिसिसवर असलेल्यांचे गणित सर्वांत कठीण आहे; ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राची गरज आहे त्याला पाणी चढण्यापूर्वीच बेळगावला किंवा यंत्र असलेल्या तालुका रुग्णालयाजवळ नातेवाइकांकडे हलवणे एवढाच मार्ग उरतो.

वीज गेली म्हणून इन्सुलिन फेकून देऊ नये. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे घरच्या थंड जागेत टिकते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मडक्यात ठेवली तर उत्तमच. बर्फाला चिकटवून ठेवल्याने मात्र ती खराब होते. जनरेटर असेल तर तो पडवीत किंवा खिडकीखाली लावू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू असतो, आणि २०२० मध्ये लॉरा या हरिकेननंतर लुइझियानात कित्येक घरांतील माणसे त्या वायूनेच दगावली. २०१७ मध्ये इर्मा वादळाने वीज गेल्यावर फ्लोरिडातील एका वृद्धाश्रमात उकाड्याने १२ वृद्ध गेले, तेही वारा थांबल्यानंतर.

पुरवठ्याची साखळी किती लांबून तुटू शकते, याचेही उदाहरण हेलेननेच दिले. नॉर्थ कॅरोलिनातील एका कारखान्यात पाणी शिरले आणि अमेरिकेत शिरेतून देण्याच्या द्रवांपैकी जवळपास ६० टक्के पुरवठा अडचणीत आला. ज्या रुग्णालयांवर पावसाचा थेंब पडला नाही त्यांनाही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

उत्तर: शेतकरी, येळ्ळूर

डॉक्टरसाहेबांनी चिखल्यांचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचे पाणी भातात शिरण्यासाठी ना वादळ लागते ना महापूर. चार दिवस धार लागली की पुरे. त्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते आणि लावण सडली की दुबार लावणीसाठी आम्ही त्यातच उभे राहतो. गमबूट घाला असे शिबिरांत सांगतात, पण लावणीच्या चिखलात गमबूट रुततो, पाय निघतो आणि बूट आतच राहतो. पायाला खोबरेल किंवा एरंडेल चोळून उतरणे आणि बाहेर आल्यावर साबणाने धुऊन बोटांची बेचकी कोरडी करणे, एवढे होऊ शकते. टिपणात जे जमणारे आहे तेच लिहावे अशी विनंती.

वेदगंगाकाठ

सर्वांचा आभारी आहे. आकड्यांचा उलगडा झाला आणि हरकतीचे उत्तरही मिळाले. दोन गोष्टी राहिल्या. काळजी केंद्रातील स्त्रियांच्या अडचणींबद्दल बैठकीत कोणी बोलत नाही. आणि आमच्या गावात अजून आडाचे पाणी पितात. पूर उतरल्यावर त्यात ब्लीचिंग पावडर नेमकी किती टाकावी?

उत्तर: आशा कार्यकर्ती, सदलगा परिसर

बैठकीत कोणी बोलत नाही, कारण बैठकीत बायका कमी असतात. काळजी केंद्र बहुधा शाळेत असते. शाळेची स्वच्छतागृहे मुलांच्या मापाची, त्यातही दिवे नसलेली. म्हणून बायका दिवसभर पाणीच कमी पितात, रात्र झाल्यावर आडोसा शोधतात, आणि मग लघवीची जळजळ व ताप सुरू होतो. दाराला आतून कडी आणि एक दिवा एवढ्याने हे आजारपण निम्म्याने कमी होईल, असे माझे मत आहे. सॅनिटरी पॅड मदतीच्या गाडीतून येतात, परंतु ते वाटायला पुरुष स्वयंसेवक उभे राहिले तर कोणी हात पुढे करत नाही.

गरोदर स्त्रियांची यादी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेसह आमच्याकडे असतेच. ज्यांचा नववा महिना चालू आहे त्यांना पाण्याची पातळी वाढू लागताच माहेरी किंवा दवाखान्याच्या गावी पाठवावे, १०८ च्या भरवशावर राहू नये. गाडी येते, पण पाण्यातून येऊ शकत नाही. तायी कार्ड (गरोदर मातेचे नोंदकार्ड), बाळाच्या लसीकरणाची नोंद आणि औषधाची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवायला सांगावे.

मनाच्या दुखण्याबद्दल वर कोणी लिहिले नाही. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळातून वाचलेल्यांची पाहणी झाली तेव्हा मानसिक त्रास काळाबरोबर कमी होण्याऐवजी पुढच्या वर्षी वाढलेला आढळला. हे वाचून मला नवल वाटले नाही. पाणी असेपर्यंत सगळे एकत्र असतात, गंजी केंद्रात, म्हणजे मदतीच्या स्वयंपाकघरात, जेवण मिळते, पुढारी येतात. नंतर घर पाहायला गेल्यावर रडू येते. निपाणीकडे घरी विड्या वळणाऱ्या बाईची पाने आणि तंबाखू भिजले की तिची मजुरी तिथेच थांबते, आणि बचत गटाचा हप्ता मात्र चुकत नाही. झोप न लागणे, भूक जाणे, घरातल्या पुरुषांचे पिणे वाढणे, या तक्रारी दिवाळीच्या सुमारास येतात, तेव्हा त्या पुराच्या आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, कन्नडबरोबर मराठीतही बोलता येते. तो टिपणात मोठ्या अक्षरांत द्यावा.

भाषेचेही एक सांगते. केंद्रात लागणाऱ्या आरोग्याच्या सूचना बहुधा फक्त कन्नडमध्ये असतात. तरुण मुले शाळेत कन्नड शिकलेली आहेत, ती वाचतात. साठीपुढच्या मराठी बायकांना अक्षर लागत नाही. कॅटरिनामध्ये लुइझियानात दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मे ७५ वर्षे व त्यावरील होते, म्हणजे सूचना सर्वांत आधी ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी तीच ही माणसे. मी सूचना मोठ्याने दोन्ही भाषांत वाचून दाखवते, आणि समितीने तसा एक वाचणारा माणूस आधीच नेमून ठेवावा.

उत्तर: निवृत्त वैद्यकीय अधिकारी, खानापूर

ताईंनी लिहिलेले सर्व जसेच्या तसे टिपणात घ्यावे.

आडाबद्दल. पूर उतरल्याबरोबर पंप लावून आड पूर्ण उपसू नये; भोवतीची जमीन पाण्याने फुगलेली असते आणि आतले पाणी एकदम काढले तर बांधकाम ढासळते. वरचा कचरा काढावा, थोडे थोडे उपसत गाळ कमी करावा. नंतर पाणी मोजावे. गोल आडाचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल तर त्यात सुमारे २८,००० लिटर पाणी असते. चांगल्या प्रतीची पावडर दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. पुरानंतर पाणी गढूळ असल्याने आरंभी याच्या दुप्पट धरावी, कारण गाळच बरेचसे क्लोरीन खाऊन टाकतो. पावडर थेट आडात ओतू नये. बादलीत आधी घट्टसर कालवून मग पाणी वाढवावे, दहा मिनिटे निवळू द्यावे, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने पाण्याखाली सोडावी आणि वरखाली हलवावी. तळाचा चुना आडात टाकू नये, पाणी कडक होते. गेल्या वर्षीची उघडी पडलेली पावडर असेल तर तिचा जोर गेलेला असतो, ती या हिशेबात धरू नये.

हे काम संध्याकाळी करावे, म्हणजे रात्रभर कोणी पाणी भरत नाही. किमान एक तास जाणे आवश्यक आहे. सकाळी पहिली घागर भरण्यापूर्वी ओ. टी. चाचणी (पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहणारी) करावी, पाण्याला पिवळसर रंग आला तर ते पिण्यास द्यावे, आला नाही तर निम्मी मात्रा पुन्हा टाकून आणखी तासभर थांबावे. चाचणीचे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातून मेअखेरीसच मागून घ्या.